भाजलेले सरपण : पऱ्हाटीपासून कोळशाच्या तोडीचे इंधन

कपाशीची शेवटची वेचणी आटोपली म्हणजे शेतात नुसती पऱ्हाटी उभी राहते. विदर्भ, मराठवाडा व खानदेश ह्या भागांतील शेतकऱ्यापुढे दरवर्षी तोच प्रश्न येतो : हिचे करावयाचे काय? पूर्वी गावातील बहुतेक चुली पऱ्हाटीवर पेटत. उपटणीचा मोबदला म्हणून मजूर पऱ्हाटीच घरी नेत. आता पुष्कळ घरांत गॅस आला आहे, मजुरी वाढली आहे आणि रान लवकर मोकळे करण्याची घाई असते. त्यामुळे अनेक ठिकाणी पऱ्हाटीचे ढीग करून ते पेटवून दिले जातात.

महाराष्ट्रात सुमारे ४० लाख हेक्टर क्षेत्र कपाशीखाली असते. हेक्टरी २ ते ३ टन वाळलेली पऱ्हाटी निघते असे धरले, तर राज्यातील एकूण पऱ्हाटी ८० लाख टनांपासून १ कोटी २० लाख टनांपर्यंत भरते. ह्यातील जेवढी शेतात जळते, तेवढी उष्णता कोणाच्याही उपयोगी न पडता आकाशात जाते. दुसरीकडे त्याच जिल्ह्यांतील विद्युत केंद्रे व कारखाने खाणीतला कोळसा दुरून आणून जाळीत असतात.

मग पऱ्हाटी सरळ बॉयलरमध्ये का घालू नये? ह्याचे उत्तर पऱ्हाटीच्या दोषांत आहे. ती फुगीर असते. ट्रॉलीची जागा भरते, पण वजन भरत नाही. ती पावसात भिजते, बुरशीने कुजते व किडते. तिचे तंतू चिवट असल्याने ती कोळशासारखी दळली जात नाही. आणि ओलाव्यामुळे तिच्यातील बरीच उष्णता पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडते. हे चारही दोष पुष्कळ अंशी दूर करण्याचा एक उपाय शास्त्रज्ञांनी काढला आहे. तो उपाय म्हणजे सरपण भाजणे. इंग्रजीत ह्या क्रियेस टॉरिफॅक्शन म्हणतात. मराठीत तीस भर्जन असे म्हणता येईल. फ्रेंच भाषेत कॉफीच्या बिया भाजण्यास हाच शब्द वापरतात.

भर्जनाचे काम यंत्राचे व कारखान्याचे आहे. तथापि कारखान्यात जाणारा माल कसा असावा, किती द्यावा आणि कोणता मुळीच देऊ नये, ह्या गोष्टी शेतातच ठरतात. म्हणून शेतकरी बंधु-भगिनींनी व ग्रामसेवकांनी ह्या विषयाची माहिती करून घेणे अगत्याचे आहे.

भर्जन म्हणजे काय?

घरातील अनुभव आठवावा. रवा भाजून ठेवला म्हणजे तो लवकर खराब होत नाही व त्यात किडे होत नाहीत. कच्चा भुईमुगाचा दाणा खलबत्त्यात चेचला जातो. भाजलेल्या दाण्याचा मात्र सुरेख कूट होतो. भाजल्याने वजन थोडे घटते, परंतु टिकाऊपणा व ठिसूळपणा येतो. सरपणाचेही असेच होते.

ह्या क्रियेत लाकडाचे वाळलेले तुकडे बंद पात्रात २०० ते ३०० अंश सेल्सिअस उष्णतेपर्यंत तापवितात. पात्रात हवा जवळजवळ नसतेच, म्हणून लाकूड पेट घेत नाही. प्रथम शंभर अंशांच्या आसपास पाणी निघून जाते. पुढे दोनशे अंशांवर लाकडाच्या घटकांतच बदल होऊ लागतो. यंत्राच्या रचनेप्रमाणे काही मिनिटांपासून तासाभरापर्यंत माल ह्या उष्णतेत ठेवतात. बाहेर येतो तेव्हा त्याचा रंग चॉकलेटी किंवा काळसर झालेला असतो व काडी हाताने वाकविताच कट्‌कन मोडते.

आत काय घडते ते समजण्यास कुडाच्या भिंतीचे उदाहरण सोयीचे आहे. कुडात उभ्या काड्या असतात, त्यांस बांधणारी दोरी असते आणि वरून शेणामातीचे लिंपण असते. लाकडाच्या पेशींची भिंतही तीन द्रव्यांची असते. सेल्युलोज हे काड्यांच्या जागी, हेमिसेल्युलोज हे दोरीच्या जागी आणि लिग्निन हे लिंपणाच्या जागी आहे असे समजावे. दोनशे ते तीनशे अंशांत ह्यांतील दोरी, म्हणजे हेमिसेल्युलोज, प्रथम नष्ट होते. काड्या व लिंपण बव्हंशी शिल्लक राहतात, पण त्यांची बांधणी सुटते. म्हणूनच चिवट लाकूड ठिसूळ बनते. पाणी धरून ठेवण्याचा गुणही मुख्यतः ह्याच द्रव्याचा असतो. ते गेले म्हणजे लाकूड पूर्वीसारखे पाणी ओढून घेत नाही, व बुरशीलाही त्यावर सहजी पोसता येत नाही.

भाजताना जी वाफ व जो वायू निघतो, त्यात पाणी, कर्बद्विप्राणिद वायू, ॲसेटिक आम्ल व कार्बन मोनॉक्साइड ही असतात. चांगल्या कारखान्यात हा वायू बाहेर न सोडता जाळतात आणि त्याची उष्णता पुन्हा सरपण भाजण्यास व वाळविण्यास वापरतात. त्यामुळे बाहेरचे इंधन थोडे लागते.

किती गमावले, किती मिळाले?

साधारण हिशेब असा आहे. १०० किलो पूर्ण वाळलेले लाकूड भाजले तर सुमारे ७० किलो माल हाती येतो. परंतु मूळ उष्णतेपैकी सुमारे ९० टक्के उष्णता त्या ७० किलोंत राहते. म्हणजे दर किलोमागे उष्णता सुमारे १.३ पट होते. वाळलेल्या लाकडाच्या एका किलोत ४,००० किलोकॅलरी असतील, तर भाजलेल्या लाकडाच्या एका किलोत ५,००० च्या वर भरतात. आपल्याकडील औष्णिक केंद्रांत जळणाऱ्या देशी कोळशात हाच आकडा साधारणपणे ३,५०० ते ४,५०० असतो, आणि त्यात राख शेकडा ३० ते ४५ पर्यंत निघते. लाकूड व पऱ्हाटी ह्यांत राख त्याहून पुष्कळच कमी असते.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. भर्जन म्हणजे कोळसा पाडणे नव्हे. कोळशाच्या भट्टीत उष्णता चारशे अंशांच्या वर जाते. मातीने लिंपलेल्या जुन्या पद्धतीच्या भट्टीत १०० किलो लाकडापासून १५ ते २५ किलोच कोळसा मिळतो. तो कोळसा उत्तम जळतो हे खरे. परंतु मूळ लाकडातील निम्म्याहून अधिक उष्णता धुरावाटे निघून गेलेली असते. भर्जन त्याच्या अलीकडेच थांबते. कच्चे लाकूड व कोळसा ह्यांच्या मधली ती अवस्था होय. कोळशाचे गुण बऱ्याच अंशी मिळवावे आणि उष्णता मात्र थोडीच गमवावी, हे ह्या क्रियेचे मर्म आहे.

भाजलेल्या मालाचा भुसा यंत्रात दाबून त्याचे पेलेट, म्हणजे बोटाएवढ्या जाडीचे लहान तुकडे, किंवा त्याहून मोठ्या कांड्या करतात. बाजारात 'पांढरा कोळसा' ह्या नावाने ज्या कांड्या मिळतात, त्या बहुधा न भाजलेल्या भुशाच्या असतात. त्या पाण्यात पडल्या तर फुगून विरघळतात. भाजलेले पेलेट त्यामानाने पाण्यास दाद देत नाहीत. तरीही ते उघड्या पावसात टाकून चालत नाही; छप्पर हवेच.

आजवरचा अनुभव

ही कल्पना अगदी नवी नाही. फ्रान्समध्ये १९३० नंतरच्या दशकात लाकडापासून वायू करण्यासाठी भाजलेल्या लाकडाचे प्रयोग झाले होते. १९८० नंतर त्याच देशात पेशिने ह्या धातुउद्योगातील कंपनीने लाकूड भाजण्याचा कारखाना चालविला. तेथील माल धातू शुद्ध करण्याच्या भट्ट्यांसाठी होता. परंतु खर्चाचा मेळ न बसल्याने काही वर्षांतच तो बंद पडला. पुढे नेदरलँड्समधील ऊर्जा संशोधन केंद्राने २००० नंतर ह्या विषयाचा पद्धतशीर अभ्यास केला. भाजलेले लाकूड दळण्यास कच्च्या लाकडापेक्षा अनेक पटींनी कमी शक्ती लागते, हे त्या अभ्यासात दिसून आले. अमेरिकेतील ऑरेगॉन राज्यात बोर्डमन येथील कोळशाच्या विद्युत केंद्रात डिसेंबर २०१६ मध्ये केवळ भाजलेले लाकूड जाळून वीज निर्माण करण्याची चाचणी घेण्यात आली. ते केंद्र पुढे २०२० मध्ये बंद झाले. मात्र यंत्रसामग्रीत मोठा फेरफार न करता असे इंधन जाळता येते, एवढे त्या चाचणीने दाखवून दिले.

ह्या इतिहासावरून दोन गोष्टी ध्यानात येतात. तंत्र खरे आहे व ते चालते. परंतु कच्चा माल स्वस्त, स्वच्छ व वर्षभर पुरेल एवढा मिळाला नाही आणि खरेदीदार पक्का नसला, तर चांगला कारखानाही टिकत नाही. आपल्याकडे हा उद्योग उभा राहावयाचा असेल तर त्याचा पाया यंत्रापेक्षा मालाच्या गोळाबेरजेवरच घातला पाहिजे.

विद्युत केंद्रांस असे इंधन कशासाठी हवे?

कोळशाच्या विद्युत केंद्रात कोळसा प्रथम प्रचंड चक्क्यांत पिठासारखा दळतात व ते पीठ हवेच्या झोताबरोबर भट्टीत उडवितात. कच्चे लाकूड ह्या चक्कीत घातले तर तंतू निघून तिचे तोंड बुजते. एनटीपीसीच्या उत्तर प्रदेशातील दादरी येथील केंद्रात २०१७ मध्ये शेतातील अवशेषांचे पेलेट कोळशात मिसळून जाळण्याचा प्रयोग यशस्वी झाला. त्यानंतर २०२१ साली केंद्र सरकारने 'समर्थ' नावाचे राष्ट्रीय अभियान सुरू केले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये ऊर्जा मंत्रालयाने कोळशाच्या केंद्रांस ठराविक प्रमाणात शेतातील अवशेषांचे पेलेट जाळणे बंधनकारक करणारे धोरण जाहीर केले. ज्या केंद्रांत लोखंडी गोळ्यांच्या फिरत्या नळकांडी चक्क्या आहेत, त्यांच्यासाठी ह्या धोरणात भाजलेल्या पेलेटचाच निर्देश होता. जून २०२३ मध्ये ह्या धोरणात बदल करून २०२४-२५ पासून ५ टक्के व २०२५-२६ पासून ७ टक्के असे प्रमाण ठरविण्यात आले.

५ टक्के हा आकडा लहान वाटतो. परंतु ५०० मेगावॅटचा एक संच पूर्ण भाराने चालला तर दिवसाला ७ ते ८ हजार टन कोळसा खातो. त्याचे ५ टक्के म्हणजे दररोज ३५० ते ४०० टन पेलेट.

एका गावाचा हिशेब

आता गावाकडे वळू. एखाद्या गावात ३०० हेक्टर कपाशी आहे व हेक्टरी २ टन हवेत वाळलेली पऱ्हाटी निघते असे समजू. एकूण पऱ्हाटी ६०० टन झाली. तिचा एक तृतीयांश भाग, म्हणजे २०० टन, जमिनीसाठी व गावच्या चुलींसाठी राखला. उरली ४०० टन. तिच्यात १५ टक्के ओलावा असेल तर पूर्ण वाळलेला माल ३४० टन भरतो. भाजल्यावर त्याचे सुमारे २४० टन होतात. हा माल ४,००० किलोकॅलरीच्या सुमारे ३०० टन कोळशाची जागा घेऊ शकेल.

म्हणजे एका गावाची वर्षाची पऱ्हाटी एका संचाच्या एका दिवसाच्या गरजेसही पुरी पडत नाही! ह्याचा अर्थ उद्योग निष्फळ आहे असा नव्हे. मालाला गिऱ्हाईक मोठे आहे, असा त्याचा अर्थ आहे. परंतु एकट्यादुकट्या शेतकऱ्याने दोन ट्रॉल्या घेऊन कारखान्याच्या दारात जाण्यात हशील नाही. पाच-पंचवीस गावांचा माल एका ठिकाणी गोळा व्हावा, तो तेथेच वाळावा व त्याचे तुकडे व्हावेत, तरच वाहतूक परवडते. शेतकरी उत्पादक कंपनी, सहकारी संस्था किंवा बचत गटांचे संघ ह्यांनी हाती घेण्यासारखे हे काम आहे. मुंबई येथील केंद्रीय कापूस तंत्रज्ञान संशोधन संस्था व तिचे नागपूर येथील केंद्र ह्यांनी पऱ्हाटीपासून पार्टिकल बोर्ड, पेलेट व कांड्या करण्याचे तंत्र विकसित केले आहे. गावात लहान प्रमाणात आरंभ करावयाचा असेल तर कांड्यांपासून करावा. भर्जनाचा कारखाना ही पुढची पायरी आहे.

कोणते सरपण द्यावे, कोणते देऊ नये?

जे काष्ठमय आहे, जे जनावर खात नाही व जे जमिनीत सहज कुजत नाही, ते इंधनासाठी द्यावे. पऱ्हाटी, तुराटी, वेडी बाभूळ, बांधावरील सुबाभळीच्या फांद्या, फळबागेतील छाटणीचे लाकूड व बांबू ह्यांचा ह्यात समावेश होतो.

ज्वारीचा कडबा देऊ नये. तो जनावरांचा घास आहे. सोयाबीनचे व हरभऱ्याचे कुटार गोठ्यात व खताच्या खड्ड्यात शोभते. उसाचे पाचट शेतात आच्छादन म्हणून ठेवल्याने ओलावा टिकतो व जमिनीचा कस सुधारतो; थोड्या पैशांसाठी ते विकणे म्हणजे दुभत्या गाईचे वासरू विकून दूध शोधण्यासारखे आहे. शिवाय भाताचा पेंढा व तत्सम गवती मालात वाळूसारखी सिलिका व राख फार असते. भाजल्याने राख कमी होत नाही. माल घटतो व राख तेवढीच राहते, म्हणून तिचे प्रमाण उलट वाढते.

पऱ्हाटीविषयीही विचार केला पाहिजे. तिच्याबरोबर नत्र, पालाश व सेंद्रिय कर्ब शेताबाहेर जातो. विद्युत केंद्रात ती जळाल्यावर तिची राख कोळशाच्या राखेत मिसळते व शेतात परत येत नाही. म्हणून ज्या जमिनीत सेंद्रिय द्रव्य अगदी कमी आहे व जेथे ट्रॅक्टरचे श्रेडर यंत्र मिळते, तेथे पऱ्हाटीचा भुगा करून ती जमिनीत गाडणे अथवा तिचे कंपोस्ट करणे हाच अधिक चांगला उपयोग होय. निदान दरवर्षी सर्व शेतांतील सर्व पऱ्हाटी बाहेर काढू नये. जे शेत ह्या वर्षी दिले, त्यास पुढील हंगामापूर्वी शेणखत किंवा कंपोस्ट मिळेल अशी तजवीज असावी.

तसेच गावात ज्या घरांची चूल आजही पऱ्हाटीवर पेटते, त्यांचा विचार आधी झाला पाहिजे. भूमिहीन मजुरांच्या स्त्रिया वर्षाचे सरपण ह्याच दिवसांत जमवितात. पऱ्हाटीला भाव आला म्हणून त्यांच्या चुली विझल्या, तर तो गावाचा लाभ म्हणता येणार नाही. उपटणी, वाळवणी व तुकडे करण्याचे काम त्यांच्या हातांस मिळावे, व घरच्या सरपणाचा वाटा पूर्वीप्रमाणे राहावा.

उभी झाडे तोडून हा धंदा करण्याचा मोह कोणी धरू नये. महाराष्ट्रात १९६४ च्या वृक्षतोड अधिनियमानुसार अनेक जातींची झाडे परवानगीवाचून तोडता येत नाहीत. शिवाय शेतातील अवशेषाचा कर्ब एका हंगामात पुन्हा पिकात येतो. जुन्या झाडाचा कर्ब परत येण्यास अनेक वर्षे लागतात. जे दरवर्षी उगवते व दरवर्षी निघते, त्यालाच अक्षय्य इंधन म्हणणे योग्य होय.

बोंडअळीचा संबंध

पऱ्हाटी वेळेवर काढण्याचा आणखी एक लाभ आहे. गुलाबी बोंडअळीने २०१७ च्या हंगामात राज्यातील कपाशीचे अतोनात नुकसान केले. ही अळी पऱ्हाटीवरील न उमललेल्या व किडक्या बोंडांत सुप्त राहते व पुढील हंगामात पतंग होऊन बाहेर पडते. फरदड घेण्याचा लोभ सोडून हंगाम वेळेत संपविला व पऱ्हाटी उपटून काढली, तर अळीचा आसरा तुटतो. परंतु किडक्या बोंडांसह पऱ्हाटीची गंजी गावालगत पावसाळ्यापर्यंत रचून ठेवली, तर आपण अळीचे कोठार भरून ठेवले असे होईल. म्हणून बोंडे आधी झोडून वेगळी करून नष्ट करावी, आणि पऱ्हाटीचे तुकडे मे महिन्याच्या आत करून माल गावाबाहेर काढावा.

शेतकऱ्याने करावयाची कामे

१. पऱ्हाटी चिमट्याने किंवा यंत्राने उपटल्यावर मुळांची माती झटकून टाकावी. माती म्हणजे राख. मातीमुळे यंत्राची पाती झिजतात व भट्टीत चिकट खंगर जमतात.

२. उपटलेली पऱ्हाटी लगेच रचू नये. लहान पेंढ्या बांधून दोन-तीन आठवडे उन्हात उभ्या कराव्यात. काडी वाकविली असता न लवता मोडली म्हणजे ती पुष्कळ वाळली असे समजावे.

३. ठिबकच्या नळ्या, प्लॅस्टिकची सुतळी, खताच्या पिशव्यांचे तुकडे व तारा मालात राहू देऊ नयेत. प्लॅस्टिक भाजले असता विषारी वायू निघतात.

४. गंजी उंच जागी, दगड किंवा लाकडांवर रचावी. ती घरे, गोठे व विजेच्या तारा ह्यांपासून दूर असावी. दोन गंज्यांत मोकळी वाट ठेवावी.

५. ओल्या मालाचे तुकडे करून त्याचा ढीग लावू नये. असा ढीग आतून तापतो, कुजतो व कधी पेटही घेतो.

ओलावा व वजन

माल वजनावर विकला जातो, म्हणून ओलाव्याचा हिशेब प्रत्येक शेतकऱ्यास यावयास हवा. समजा, १०० किलो ताज्या पऱ्हाटीत ४० टक्के ओलावा आहे. तिच्यात खरा माल ६० किलो. हीच पऱ्हाटी १५ टक्के ओलाव्यापर्यंत वाळली म्हणजे तिचे वजन सुमारे ७१ किलो राहते. खरा माल तेवढाच आहे, पण २९ किलो पाणी उडून गेले. ओली व वाळलेली पऱ्हाटी एकाच दराने घेणारा व्यापारी, माल वाळवून नेणाऱ्या शेतकऱ्यास तोट्यात टाकतो. म्हणून दर 'अमुक टक्के ओलाव्याच्या मालास' असा ठरवावा, आणि त्याहून ओला माल असल्यास किती कपात व वाळलेला असल्यास किती वाढ, हे आधीच लिहून घ्यावे. खरेदीच्या ठिकाणी ओलावा मोजण्याचे यंत्र सर्वांसमोर असावे.

दर परवडतो की नाही हे पाहताना उपटणी, बांधणी व ट्रॉलीचे भाडे ह्यांबरोबर शेताबाहेर गेलेल्या खतद्रव्याची किंमतही खर्चात धरावी. ह्या सर्वांची बेरीज दराहून अधिक झाली तर पऱ्हाटी न विकता जमिनीत घालणे हाच शहाणपणाचा मार्ग होय.

ग्रामसेवकांसाठी सूचना

भर्जनाची नक्कल गावात पत्र्याच्या पिंपात करण्याचा प्रयत्न कोणी करीत असल्यास त्यास तत्काळ परावृत्त करावे. बंद पिंपात साचणारा वायू ज्वालाग्राही असतो व त्यातील कार्बन मोनॉक्साइड प्राणघातक आहे. त्यास वास नसल्याने तो समजतही नाही. भाजलेला माल गरम असताना त्यास हवा लागली तर तोही आपोआप पेटतो. कारखान्यात तो हवेवाचून थंड केल्यावरच बाहेर काढतात. त्याची बारीक भुकटी हवेत उडाल्यास ठिणगीने स्फोट होऊ शकतो.

यंत्रे विकणारे लोक गावोगाव येतील व मोठ्या नफ्याची चित्रे रंगवतील. त्यांस तीन प्रश्न विचारावे. तयार माल कोण विकत घेणार व त्याचा लेखी करार आहे काय? कच्चा माल किती किलोमीटरच्या आतून व वर्षातील किती महिने मिळणार? हेच यंत्र पऱ्हाटीवर चालताना कोठे पाहावयास मिळेल? ह्या तिन्हींची समाधानकारक उत्तरे मिळाल्यावाचून संस्थेचा किंवा गटाचा पैसा गुंतवू देऊ नये.

ह्याउलट एक काम बिनखर्चाने आजच करता येईल. प्रत्येक ग्रामसेवकाने आपल्या गावातील कपाशीचे व तुरीचे क्षेत्र, निघणारी पऱ्हाटी व तुराटी, सरपणासाठी घरोघर लागणारा भाग, जमिनीत गाडला जाणारा भाग व निव्वळ पेटविला जाणारा भाग ह्यांची नोंद करावी. शेवटचा आकडाच खरा महत्त्वाचा आहे. जी पऱ्हाटी चुलीला लागते किंवा जमिनीत जाते, ती आधीच कामी आलेली आहे. जी बांधावर फुकट जळते, तीच विक्रीसाठी उपलब्ध समजावी. असा हिशेब तयार असलेले गाव व्यापाऱ्याशी व कारखान्याशी बरोबरीच्या नात्याने बोलू शकेल, आणि आपल्या शेताचा कस राखून टाकाऊ काडीचे मोलही पदरात पाडून घेईल.